तिसऱ्या कमानीची भेग

मी बावीस वर्षांची असताना पन्नाशीच्या नायकाची आई झाले. आमच्या नाटक मंडळीत आईचं काम करायला तेव्हा कुणी तयार नव्हतं, आणि मला नाही म्हणता येत नव्हतं. केसांना पांढरी पावडर फासून मी विंगेत उभी होते. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आईसाहेब, जरा बाजूला व्हा, तुमच्या राजवाड्याचा एक खांब ओला आहे." वळून पाहिलं तर विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेला, अनवाणी, कोपरापर्यंत निळा झालेला एक तरुण. तो रंगोबा, आमचे पडदे रंगवणारा. त्या दिवसापासून आजपर्यंत तो मला आईसाहेब म्हणतो, अहोजाहो करतो, आणि मी त्याला अरेतुरे करते. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे, हे कुणाला सांगून पटत नाही.

नटांचे फोटो भिंतीवर लागतात. पडदेवाल्याचा फोटो कुणी काढत नाही, कारण पडदा उघडतो तेव्हा तो अंधारात असतो आणि पडतो तेव्हा झाडू मारत असतो. म्हणून त्याच्यावर लिहायला बसले आहे. त्याला तसं सांगितलं, तर म्हणाला, "लिहा, पण मला उंच दाखवू नका. ओळखीचे हसतील."

तर रंगोबा बुटका आहे. आणि आता पाठीत वाकल्यामुळे आणखी बुटका दिसतो.

नाट्यगृहाच्या मागच्या शेडमध्ये त्याचं काम चालायचं. जमिनीवर तीस फुटी कापड अंथरलेलं, चुलीवर सरसाचं भांडं रटरटतंय, आणि त्या वासाने आमची नायिका नाकाला रुमाल लावून पळत सुटायची. ब्रशला बांबू बांधून तो उभ्यानेच रंगवायचा, चित्रावरूनच चालत. आभाळातून चालत जाऊन झाडाला पानं काढायचा, नदी ओलांडून परत यायचा. मग शिडीने माळ्यावर चढायचा आणि दुर्बीण उलटी धरून खाली बघायचा. उलट्या दुर्बिणीतून जवळचं लांब जातं. त्याला सगळं शेवटच्या रांगेतून बघायचं असे. तो म्हणायचा, पुढच्या रांगेतले लोक नटांची तोंडं बघतात, पडदा असतो तो शेवटच्या रांगेसाठी.

त्यामुळे रंगोबाची भिंत कधी कोरी नसे. कोरी भिंत मागून बघितली तर कापडच वाटते. तो तिला एक भेग द्यायचा, पाण्याचा एखादा ओघळ, कोपऱ्यात थोडं शेवाळ. झालं, भिंत उभी राहायची. आमच्या राजवाड्यालासुद्धा भेग होती. नायकाने एकदा तक्रार केली की माझ्या वैभवाला हा तडा कशाला. रंगोबाने त्याला समजावलं, की साहेब, तुमचं वैभव मागे पोचायला हवं ना.

ही त्याची सवय लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं.

आमच्या गावाच्या मधून नदी जाते, आणि तिच्यावर तीन जुने पूल होते. एक झुलता पूल. त्यावरून माणसं चालली की तोही थोडा चालायचा. दुसरा लोखंडी. त्यावरून गाडी गेली की काठावरच्या घरांतली भांडी वाजायची. तिसरा दगडी, सात कमानींचा. त्याला सगळे नुसतं सातकमानी म्हणत. लग्नाची बोलणी फिसकटली तरी सातकमानीवर, जुळली तरी सातकमानीवर. एका नाटकाला नदीकाठ हवा होता म्हणून रंगोबाने पडद्यावर सातकमानी काढला. पहिल्या प्रयोगाला पडदा वर गेला आणि आम्ही कुणी पाऊल टाकायच्या आधी टाळ्या पडल्या. पुलाला. दुसऱ्या प्रयोगापासून नायक पडदा अर्धा वर गेला की आत शिरायला लागला, टाळ्या आपल्याच म्हणून घ्यायला.

पुढे मंडळी बंद पडली. ज्या वर्षी नाट्यगृह विकलं गेलं त्याच वर्षी झुलता पूलही काढला. महिन्याभरात रंगोबाचे दोन पाय गेल्यासारखं झालं. मी घरी बसून रडत होते. तो रडला नाही. नाट्यगृहाच्या नव्या मालकाकडे गेला आणि म्हणाला, तुम्ही खुर्च्या उखडायच्या आधी मला आठ दिवस रंगमंच द्या. मालक फर्निचरवाला होता, भला माणूस, त्याने दिला.

आठ दिवसांच्या त्या प्रदर्शनासाठी रंगोबाने चार महिने काम केलं. तीन पूल, तीन कापडं. झुलता पूल आठवणीतून, बाकीचे दोन प्रत्यक्ष बघून. सातकमानीसाठी तो महिनाभर एका नावाड्याबरोबर कमानींखाली फिरला. गाठी मारलेली दोरी घेऊन लांबी मोजायचा, नावेत उताणा पडून दगड मोजायचा आणि आकडे मनगटावर लिहायचा. एकेका कमानीत एकोणसाठ दगड. नावाडी सगळ्यांना सांगत सुटला की नाटकवाल्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, तो पुलाचा दात न् दात मोजतोय. कापडाच्या पट्ट्या वहिनीने जोडल्या. वहिनी म्हणजे रंगोबाची बायको. ती शाळेत शिवण शिकवायची आणि नवऱ्याकडेही बिघडलेल्या कपड्याकडे बघावं तशीच बघायची, कुठे उसवायचं आणि कुठे टाका घालायचा याचा अंदाज घेत.

प्रदर्शनाचं पत्रक मी लिहिलं. वर सातकमानीच्या चित्राचा फोटो आणि खाली माझं एक वाक्य: "या पुलाचा प्रत्येक दगड मोजून काढला आहे; यात कल्पनेचं काही नाही." मला ते वाक्य फार आवडलं होतं. फोटो छापायला द्यायचा होता, म्हणून चित्र रंगमंचावर दोन आठवडे आधीच टांगलं.

टांगल्यावर रंगोबा शेवटच्या रांगेत जाऊन बसला. बराच वेळ बसला. मग दुर्बीण उलटी धरून बघितलं. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "आईसाहेब, हा पूल नुकताच न्हाऊन आलेला दिसतोय." मी म्हटलं, छान तर दिसतोय. तो उठला, कोळशाची पूड पाण्यात कालवली, चिमूटभर सरस टाकला, शिडीवर चढला आणि तिसऱ्या कमानीच्या डोक्यापासून पाण्यापर्यंत एक वेडीवाकडी भेग ओढली. पाच मिनिटांचं काम. खाली उतरून परत शेवटच्या रांगेत गेला आणि तिथून ओरडून म्हणाला की आता उभा राहिला.

खरंच उभा राहिला होता. त्या भेगेमुळे दगड जड झाले, पाणी खोल झालं. फोटोवाल्याने फोटो काढला.

असं चित्रप्रदर्शन मी नंतर कुठेच बघितलं नाही. लोक तिकीट न काढता यायचे, खुर्चीत बसायचे आणि अर्धा अर्धा तास पूल बघायचे. पहिल्या दिवशी अकरा जण आले, त्यातले सात आम्हीच. आठव्या दिवशी बसायला जागा नव्हती. एक म्हातारी झुलत्या पुलासमोर बसून शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती की याच्यावर आमच्या ह्यांनी पहिल्यांदा माझा हात धरला, पूल हलत होता म्हणून. मग हळूच म्हणाली, तेवढा काही हलत नव्हता.

लोखंडी पूल त्यानंतर काही वर्षांनी गेला. कापून, ट्रकमधून. रंगोबाने त्याचं कापड काढलं आणि पूल होता तिथेच काठावरच्या दोन झाडांना बांधलं. ते त्याचं दुसरं प्रदर्शन. वाऱ्याने कापड शिडासारखं फुगलं आणि दुपारी मधोमध शिवणीत फाटलं. वहिनीने तिथेच मातीत बसून ते शिवलं आणि लोकांना सांगितलं की ज्यांना चित्र बघायचंय त्यांनी एक एक टोक धरा. लोकांनी धरलं. तास दीड तास वीसेक माणसं एक पूल हातात धरून उभी होती. पण जो खरा होता तो ट्रकमधून गेला तो गेलाच.

उरला सातकमानी. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही टोकांना पत्रे लागले. त्यांवर नोटीस होती: पूल धोकादायक असल्यामुळे पाडण्यात येत आहे, हरकती असल्यास सभेत मांडाव्यात.

रंगोबा माझ्याकडे आला तो काठी आपटतच. वय ऐंशीच्या घरात, दम लागलेला. त्याला धोकादायक या शब्दाचाच राग आला होता. म्हणाला, रुंद रस्ता हवाय म्हणा, नवीन पूल हवाय म्हणा, भांडू आपण. पण धडधाकट माणसाला आजारी म्हणून बाहेर काढायचं म्हणजे काय. त्याने महिनाभर घालवून हरकत लिहिली, दगडांचे जुने आकडे काढले, आणि आम्ही दोघं सभेला गेलो.

पुलांच्या खात्याचं ते कार्यालय. दुसऱ्या मजल्यावर लांब खोली, पंखे, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि समोर एक तरुण अभियंता. व्यवस्थित माणूस होता, आवाज न चढवणारा, सगळ्यांना काका-मावशी म्हणणारा. तो खलनायक नव्हता, आणि खलनायक मी पुष्कळ बघितलेत. त्याने पडद्यावर अहवाल दाखवायला सुरुवात केली. मातीचे नमुने, वाहनांची संख्या. मग म्हणाला, की तिसरी कमान फार पूर्वीपासून भंगलेली आहे. मध्ये कधीतरी दुरुस्तीच्या चुन्याखाली भेग झाकली गेली, त्यामुळे आज ती वरून दिसत नाही. पण तिचा बत्तीस वर्षांपूर्वीचा पुरावा आहे.

आणि पडद्यावर आमचं पत्रक आलं. ग्रंथालयाने जपून ठेवलेलं. रंगोबाचा सातकमानी, तिसऱ्या कमानीत ती भेग, आणि खाली माझं वाक्य. अभियंत्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. प्रत्येक दगड मोजून काढला आहे. यात कल्पनेचं काही नाही.

मी रंगोबाकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. त्याचं नाव पुकारलं. तो उठला, हरकतीचे कागद हातात होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला संवाद विसरलेल्या नटासारखा उभा बघितला. तो खाली बसला. अभियंत्याने सभा आठ दिवसांनी पुन्हा भरेल असं सांगितलं.

घरी आल्यावर तो पॅसेजमध्ये बसला. त्याच्या घराचा पॅसेज म्हणजे अर्धा पॅसेज आणि अर्धी त्या तिन्ही चित्रांची गुंडाळी. बत्तीस वर्षं घरातलं प्रत्येक माणूस तिला ठेच लागून शहाणं झालं. वहिनीने चहा आणला, तो निवून गेला. मी म्हटलं, चूक माझी आहे, वाक्य मी लिहिलं. त्याने मान हलवली. वाक्य खरंच होतं म्हणाला, तुम्ही लिहिलंत तेव्हा भेग नव्हती. भेग नंतर आली.

मग त्याने काय करता येईल ते मोजून बघायला सुरुवात केली. गप्प बसता येईल. ती सावली होती असं म्हणता येईल. कापड जुनं झालं, डाग पडला असं म्हणता येईल. वहिनी भिंतीला टेकून ऐकत होती.

"आणि खरं सांगितलं तर?" तिने विचारलं.

"तर लोक म्हणतील, यानं बाकीचेही दगड मनचेच काढले असतील. अगं, माझ्याकडे काय आहे दुसरं? पैसा नाही, नाव नाही. रंगोबा खोटं काढत नाही, एवढंच म्हणतात लोक."

"पडद्यावर खोटं काढायचाच पगार होता तुम्हाला," वहिनी म्हणाली. "तेव्हा नाही लाज वाटली. आता तो पूल तुमच्या खोट्यापायी मरतोय. त्याला तोंड नाही. तुम्हाला आहे."

त्याने त्या गुंडाळीवर हात फिरवला. म्हणाला, की कबुली द्यायची तर नुसती तोंडाने देऊन भागणार नाही. तोंडाने काय, कुणीही काहीही म्हणतो. शेवटच्या रांगेला दिसली पाहिजे.

पुढच्या सभेला आम्ही टेम्पो केला. तीस फूट कापड दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मावणार नव्हतं, म्हणून रंगोबाने शिपायाला गोड बोलून कार्यालयाच्या गच्चीवरून लांब दोरांनी ते दर्शनी भिंतीवर खालपर्यंत सोडलं. पहिल्या मजल्याच्या सगळ्या खिडक्या सातकमानीने झाकल्या. आतले कारकून अंधार का झाला म्हणून बाहेर आले, सभेला आलेले लोक खाली उतरले, आणि अभियंत्यालाही अंगणात यावं लागलं. रंगोबाने शिडी लावली. मी बादली धरली. वहिनीने शिडी धरली, कारण नवऱ्याला कुठे धरायचं हे तिलाच माहीत.

चढण्यापूर्वी तो लोकांकडे वळला. आवाज बारीक होता. मला सवयीने वाटलं, रंगोबा, पोटातून बोल. पण तो बोलला ते पोचलं.

"या पुलाचे दगड मी मोजले होते. प्रत्येक कमानीला एकोणसाठ. ते खरे आहेत. ही भेग मी मोजलेली नाही. ही मी पाच मिनिटांत काढली, चित्र मागून बरं दिसावं म्हणून. पुलाला भेग नव्हती. ती माझ्या डोक्यातली आहे."

आणि तो चढला. ओल्या बोळ्याने भेग पुसायला लागला. पडद्याचा रंग सरसातला असतो, पाणी लागलं की सगळंच सुटतं. भेग गेली, पण तिच्याबरोबर खालचे दगडही गेले. जे दगड त्याने नावेत उताणा पडून मोजले होते, ते करडं पाणी होऊन भिंतीवरून ओघळले आणि माझ्या बादलीत आले. त्याचं सगळ्यात चांगलं चित्र होतं ते. तो कमानीच्या डोक्यापासून पाण्यापर्यंत पुसत खाली उतरला. जिथे भेग होती तिथे आता पांढुरका पट्टा होता.

अभियंता पुढे आला. त्याने विचारलं ते बरोबरच विचारलं. "काका, एक गोष्ट तुम्ही मनाने काढली, तर बाकीच्यावर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?"

"ठेवू नका," रंगोबा म्हणाला. "तेच तर सांगायला आलोय. चित्रावर विश्वास ठेवू नका साहेब, माझ्यावर तर नाहीच. पूल इथून दहा मिनिटांवर आहे. त्याला विचारा."

काही लोक हसले. अभियंता हसला नाही, पण त्याने वही काढून काहीतरी लिहिलं. चार दिवसांनी खात्याची माणसं नावेतून तिसऱ्या कमानीखाली गेली, जुना चुना खरवडला, ठोकून बघितलं. भेग नव्हती.

तुम्हाला वाटेल पूल वाचला. नाही वाचला. महिन्याने नवा आदेश निघाला. त्यात धोकादायक हा शब्द नव्हता. पूल अरुंद आहे आणि वाढत्या वाहतुकीला पुरत नाही, म्हणून पाडण्यात येत आहे, असं होतं. मी आदेश वाचून त्याच्या हातात दिला. रंगोबाने तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "हे खरं आहे. अरुंद तो आहेच. आता आपली हार आहे, पण त्याची बदनामी नाही." त्याने अरुंदपणावरही हरकत घेतली, पत्रं लिहिली, दोनशे सह्या गोळा केल्या. हरला. पण प्रत्येक पत्र लिहिताना त्याची मान ताठ होती, जी त्या पहिल्या सभेत खाली गेली होती.

पाडणाऱ्या ठेकेदाराने फलक लावला, चार दिवस काम चालेल, नागरिकांनी सहकार्य करावं. पहिल्या दिवशी सकाळी रंगोबा घडीची खुर्ची, मोठे कागद आणि कोळसा घेऊन काठावर जाऊन बसला. रोज एक चित्र काढायचं ठरवलं होतं त्याने, म्हणजे चार. पहिल्या दिवशी यंत्राने कठडा काढला. दुसऱ्या दिवशी वरचा रस्ता. तिसऱ्या दिवशी पहिल्या कमानीला हात घातला आणि कमान काही हलेना. चौथ्या दिवशी यंत्राचा दात तुटला. पाचव्या दिवशी दुसरं यंत्र आलं. ठेकेदार फलकावरचा आकडा खोडून नवा लिहायचा, सहा, मग दहा, आणि शेवटी त्याने फलकच काढून नेला. आता काठावर गर्दी व्हायला लागली. दगड पडला नाही की लोक टाळ्या वाजवायचे. मी हे खोटं सांगत नाही, टाळ्या कशा वाजतात ते मला कळतं. मला तो नदीकाठाच्या पडद्याचा पहिला प्रयोग आठवला. बाकीच्या कमानी एक एक करून गेल्या. तिसरी सगळ्यात शेवटी राहिली. तिला एकटीलाच पाच दिवस लागले.

एकूण तेवीस दिवस. तेवीस चित्रं. शेवटच्या चित्रात नुसतं पाणी आहे आणि काठावर हातावर हात ठेवून उभा असलेला ठेकेदार.

मग नवा पूल झाला, रुंद, सरळ, कुठल्याही गावात असावा तसा. त्याचं उद्घाटन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रंगोबाने परवानगी न मागता त्याच्या कठड्यावर आपलं चौथं प्रदर्शन भरवलं. तिसरं म्हणजे कार्यालयाची भिंत, असं तो मोजतो. तेवीस चित्रं त्याने आणखी मोठ्या कागदांवर पुन्हा काढली होती, ती क्रमाने कठड्याच्या बाहेरच्या बाजूला लावली, तोंड काठाकडे करून. म्हणजे पुलावरून जाणाऱ्याला त्यांची पाठ दिसणार. मी विचारलं, हे काय उलटं. तो म्हणाला, काठ ही शेवटची रांग आहे. मधोमध, जिथे तिसरी कमान होती, तिथे ते जुनं कापड सोडलं, पांढुरक्या पट्ट्यासकट. काठावर लोक उभे राहिले. पत्रक या वेळी त्याने स्वतः लिहिलं होतं. एकच ओळ: "चार दिवसांचं काम होतं. तेवीस दिवस लागले."

अकराच्या सुमाराला अभियंता आला, बरोबर एक कागद. काठावर आमच्याकडे येऊन त्याने नम्रपणे कागद पुढे केला. वाहतुकीस अडथळा होत असल्याने चित्रं त्वरित काढून घ्यावीत.

रंगोबाने कागद वाचला. मग पुलाकडे बघितलं. गाड्या भरधाव चालल्या होत्या. चित्रं कठड्याच्या बाहेर होती, नदीवर, तिथे वाहतूक म्हणजे बगळ्यांची. "साहेब, हे कारण खरं आहे?" त्याने विचारलं.

अभियंत्यानेही पुलाकडे बघितलं.

रंगोबाने कागद परत दिला. "खरं कारण लिहून आणा. मी स्वतः शिडी लावून काढीन. तोवर बसा, चहा येतोय." आणि गळ्यातली दुर्बीण काढून त्याच्या हातात दिली. "उलटी धरा."

वहिनी चहा घेऊन आली तेव्हा तो मुलगा खुर्चीत बसून उलट्या दुर्बिणीतून पुलाकडे बघत होता. तिने त्याच्या हातात कप दिला आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या कापडाची खालची शिवण उसवली आहे. वारा सुटला तर फाटेल."

"मग शिव," रंगोबा म्हणाला.

तिने पिशवीतून सुई काढली. अभियंता कागद घडी करून खिशात ठेवून गेला. खरं कारण लिहिलेला दुसरा कागद अजून आलेला नाही. चित्रं आज अठरा दिवस लागलेली आहेत. रंगोबा रोज सकाळी जाऊन मोजून येतो.